संगणकातील कीर्द-खतावणी

पुण्याच्या व्यापाराला कागदपत्रांच्या नाशाची ओळख नवी नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे फुटले, आणि नदीकाठच्या पेठांत जे पाणी शिरले त्याने लोकांच्या संसाराबरोबर दुकानांच्या वह्याही चिखलात घातल्या. परंतु भिजलेली वही एका बाबतीत प्रामाणिक असते. ती बिघडली आहे हे डोळ्यांना दिसते. उन्हात वाळवून, पाने हलक्या हाताने सुटी करून, जेवढे वाचता येईल तेवढे तरी वाचून घेता येते. संगणकातील हिशेबाचे तसे नाही. तो पडद्यावर नीटनेटका दिसत राहतो आणि आतून पोखरलेला असू शकतो. किंवा एके दिवशी, बहुधा विवरणपत्र भरण्याच्या आदल्या संध्याकाळी, उघडायचेच नाकारतो.

बोहरी आळीतील हार्डवेअरच्या, मार्केट यार्डातील भुसाराच्या, लक्ष्मी रस्त्यावरील कापडाच्या दुकानांत आज हिशेब बहुतेक टॅलीत किंवा तशाच एखाद्या प्रणालीत राहतो. टॅली ही बंगळूरची. श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे चिरंजीव भरत यांनी 1986 साली तिचा उद्योग सुरू केला. लक्ष्मीपूजनाला लाल वही अजूनही चौरंगावर येते, पण पूजा झाल्यावर तिच्यात लिहिणारे थोडेच. तेव्हा ज्या यंत्रावर आपण एवढा भरवसा टाकला त्याचा हिशेब बिघडतो कसा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

त्यासाठी संगणकाची परिभाषा नको. आपल्या मुनीमजींची पुरते. कीर्द म्हणजे व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने केलेली रोजची नोंद. खतावणी म्हणजे तीच नोंद खातेवार वेगळी काढून ठेवणे. खतावणीचे पान फाटले तर कीर्दीवरून ते पुन्हा लिहिता येते. कीर्द गेली तर मात्र पंचाईत. संगणकही हेच करतो. आपण एक बिल फाडले की गिऱ्हाइकाच्या खात्यात, विक्रीच्या खात्यात, कराच्या खात्यात आणि मालाच्या शिलकेत अशा अनेक ठिकाणी बदल व्हावे लागतात. शिवाय कोणती नोंद कोठे ठेवली याची एक अनुक्रमणिका असते, तीही बदलावी लागते. हे सारे एका क्षणात होते असे आपल्याला वाटते. वस्तुतः ते एकामागून एकच होते, फक्त फार भराभर. त्या अवधीत लाईट गेली तर चारांतील दोन ठिकाणी लिहिले गेले आणि दोन ठिकाणी राहिले, अशी अवस्था होते. लिहिता लिहिता मुनीमजींना झीट यावी, तसेच हे.

लाईट हे नेहमीचे कारण, पण एकमेव नव्हे. चकती जुनी होऊन तिचे काही भाग वाचता न येणे, चकती काठोकाठ भरणे, पेनड्राइव्हवरच हिशेब ठेवून तो मध्येच उपसून काढणे, दोन-तीन संगणकांनी कमजोर वायफायवरून एकाच फोल्डरमध्ये एकदम लिहिणे, ही सारी त्याच जातीची कारणे. अलीकडे एक नवे कारण आढळते. चालू हिशेबाचे फोल्डरच लोक ड्रॉपबॉक्ससारख्या आपोआप नक्कल करणाऱ्या जागेत ठेवतात. नक्कल करणारा आणि लिहिणारा एकाच वेळी एकाच पानावर हात ठेवतात, आणि पान फाटते. आणखी एक संकट खंडणीखोर विषाणूंचे. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला, असा विषाणू हिशेब मोडत नाही, त्याला कुलूप घालून किल्लीचे पैसे मागतो.

आता दुरुस्ती. पडद्यावर चुकीचा संदेश दिसताच माणूस घाबरून दहा कळा दाबतो, आणि बिघाडापेक्षा त्या दहा कळाच अधिक नुकसान करतात. पहिले काम एकच : बिघडलेले फोल्डर जसेच्या तसे दुसरीकडे उतरवून घ्यावे. पुढचे सर्व प्रयोग नकलेवर. ती नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. तेथे नीट उघडली तर दोष हिशेबात नसून पहिल्या यंत्रात आहे. तेथेही उघडली नाही तर मग दुरुस्तीची आज्ञा द्यावी. टॅलीच्या जुन्या आवृत्त्यांत हिला ‘रीराइट’ म्हणत, नव्या आवृत्तीत ‘रिपेअर’ म्हणतात. जुने नाव आम्हांला अधिक खरे वाटते, कारण पुनर्लेखन हेच ते काम. यंत्र कीर्दीतील नोंदी एकेक वाचते आणि त्यांवरून बाकीचे सगळे नव्याने मांडते. जी नोंद वाचताच आली नाही ती गळते.

येथेच खरा धोका आहे. दुरुस्ती झाल्यावर दुकानदार तेरीज पाहतो. दोन्ही बाजू जुळलेल्या असतात, आणि तो सुटकेचा निःश्वास टाकतो. परंतु द्विनोंदी पद्धतीत एखादी नोंद सबंध गळाली तर तिचे जमाही जाते आणि नावेही जाते. तेरीज जुळणारच! तेव्हा ताडून पाहायचे ते घराबाहेरच्या साक्षीदारांशी. बँकेच्या उताऱ्यातील शिल्लक खात्याशी जुळते का? बिलांच्या अनुक्रमांकांत खिंडार पडले आहे का? महिनावार विक्रीचा आकडा आणि जीएसटीच्या विवरणपत्रात भरलेला आकडा एकच आहे का?

1 जुलै 2017 पासून लागू झालेल्या जीएसटीचा व्यापाऱ्याला जाच पुष्कळ झाला असेल, पण या प्रसंगी तो उपयोगी पडतो. नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेली विक्री सरकारच्या संकेतस्थळावर बिलवार भरलेली असते, आणि आपल्या पुरवठादारांनी भरलेली आपली खरेदीही तेथे दिसते. तेवढा भाग तेथून पुन्हा उभा करता येतो. बँकेतून आलेला-गेलेला पैसा बँक सांगते. मग उरते काय? किरकोळ गिऱ्हाईक. त्याची विक्री विवरणपत्रात बहुधा एकत्रित आकड्यानेच जाते, नावाने नाही. कोणत्या वाड्यातल्या कोणाकडे किती उधारी आहे, कोणी रोख किती दिले, हे सरकारला ठाऊक नाही आणि बँकेलाही नाही. ते फक्त त्या फोल्डरात असते. छोट्या दुकानाचे भांडवल पुष्कळदा उधारीतच अडकलेले असते, आणि ती मागायला जाताना हातात कागद नसेल तर पैसा जातो, नाही तर संबंध जातात.

म्हणून यूपीएस घ्यावा, हे सांगणे नकोच. तो चालू स्थितीत असावा, हे मात्र सांगावे लागते. बॅकअप रोज घ्यावा, पण कालच्यावर आजचा चढवू नये. बिघाड कधीकधी आठवडाभर लपून राहतो आणि इमानाने प्रत्येक नकलेत उतरतो. सात वारांच्या सात नकला आणि प्रत्येक महिनाअखेरची वेगळी, एवढे पुरे. त्यांतील एक दुकानाबाहेर असावी. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने जे केले ते पाहिल्यावर याला अधिक पुरावा नको. नक्कल उघडते की नाही हे अधूनमधून पाहावे, पण चालू हिशेबाच्या जागी नव्हे, निराळ्या फोल्डरात. नाहीतर जुनी नक्कल ताज्या हिशेबावर बसते. हिशेब इंटरनेटवर असला म्हणजे चिंता मिटली असेही नाही. 2023 साली क्विकबुक्सने भारतातील आपली सेवा बंद केली, तेव्हा गिऱ्हाइकांना आपापले हिशेब उतरवून घ्यावे लागले.

कायद्याने 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेब-प्रणालीत प्रत्येक फेरफाराची नोंद राहिलीच पाहिजे असे ठरवले आहे. ही सक्ती कंपन्यांना. भागीदारीच्या पेढीला किंवा एकट्याच्या दुकानाला नाही. शिवाय कोणी काय बदलले हे त्या नोंदीतून कळते, मोडलेले पान त्याने सांधत नाही. छोट्या दुकानदाराने त्यापेक्षा दर महिनाअखेर उधारीची यादी, नाव, रक्कम आणि शेवटच्या बिलाचा क्रमांक यांसह, कागदावर छापून घरी नेऊन ठेवावी. दोन-चार पाने होतात. ती ठेवायला लक्ष्मीपूजनाची लाल वही रिकामीच असते.