फुटबॉलचे मानकरी : लेखांक सहावा – बॉबी मूर

आघाडीच्या खेळाडूच्या कर्तृत्वाचा हिशेब गोलांच्या संख्येत मांडता येतो, हे आपण गेल्या लेखांकात पाहिले; परंतु बचावपटूचे श्रेष्ठत्व ज्या आपत्ती त्याने घडूच दिल्या नाहीत त्यांत सामावलेले असल्यामुळे ते कोणत्याही दप्तरी नमूद होत नाही, आणि ते पारखायचे तर प्रेक्षकाला चेंडूवरची दृष्टी काढून खेळाडूवर स्थिर करावी लागते. अशा निरीक्षणाचे पूर्ण सार्थक करणारा इंग्लिश बचावपटू म्हणजे वेस्ट हॅम युनायटेडचा आणि इंग्लंडचा कर्णधार बॉबी मूर.

१२ एप्रिल १९४१ रोजी लंडनच्या पूर्वेस बार्किंग येथे जन्मलेल्या मूरला निसर्गाने बचावपटूचे रूढ गुण हातचे राखूनच दिले होते. त्याच्या पायांत वेग नव्हता आणि उंच चेंडू डोक्याने परतवण्यात त्याला विशेष गती नव्हती. ही उणीव भरून काढण्याची विद्या त्याला क्लबातील ज्येष्ठ खेळाडू माल्कम ॲलिसन याने दिली : चेंडू आपल्याकडे येण्यापूर्वीच, तो आता आलाच तर कोणाकडे धाडायचा, याचा निर्णय मनाशी करून ठेवावा. या अभ्यासामुळे प्रतिस्पर्ध्याचा बेत आधीच ओळखून मूर योग्य जागी उभा असे आणि शर्यतीचा प्रसंगच आपल्यावर येऊ देत नसे. ८ सप्टेंबर १९५८ रोजी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध १७ वर्षांच्या मूरला प्रथमच मुख्य संघात घेण्यात आले, तेव्हा क्षयरोगातून उठलेला ॲलिसन त्याच जागेची आस धरून होता; शिष्याचा उदय असा गुरूच्या आशाभंगातून झाला.

१९६४ साली त्याने वेस्ट हॅमला एफ. ए. चषक मिळवून दिला. त्याच वर्षी वृषणाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली असताही त्याची वाच्यता होऊ न देता तो मैदानावर परतला आणि १९६५ साली युरोपीय चषकविजेत्यांचा चषकही त्याने उचलला. १९६६च्या विश्वचषकाच्या तोंडावर क्लबशी असलेल्या त्याच्या कराराची मुदत संपली, आणि कराराविना देशाकडून खेळण्याची मुभा नियमांत नसल्याने अल्प मुदतीच्या करारावर त्याची सही घेऊन ही अडचण दूर करण्यात आली.

३० जुलै १९६६ रोजी वेंब्ली येथे पश्चिम जर्मनीविरुद्ध जादा वेळ संपत आला असता, ३-२ अशी निसटती आघाडी सांभाळणाऱ्या इंग्लंडच्या गोलक्षेत्रात मूरने चेंडू छातीवर झेलला. चेंडू कोठेही भिरकावून दे, असा सहकारी जॅक चार्लटनचा ओरडा चालू असताना मूरने मान वर केली, दूरवर धावू लागलेला जेफ हर्स्ट हेरला आणि त्याच्या मार्गात लांब पास टाकला. हर्स्टने त्यावर इंग्लंडचा चौथा गोल केला. विश्वचषक स्वीकारण्यापूर्वी राणीचे हातमोजे शुभ्र आहेत हे ध्यानी येताच मूरने आपले मळके हात पुसून घेतले.

१९७० साली विश्वचषकासाठी मेक्सिकोला जाताना बोगोटा येथे कंकणचोरीचा खोटा आरोप येऊन त्याला नजरकैद सोसावी लागली. तरीही ७ जून रोजी ग्वादालाहारा येथे ब्राझीलविरुद्ध तो अविचल उभा होता. झाईर्झिन्यो भरधाव गोलकडे येत असता मूर घाईने अंगावर न जाता माघार घेत राहिला, आणि त्याच्या पायापासून चेंडू क्षणभर सुटताच उजवा पाय लांबवून त्याने तो अलगद काढून घेतला. त्याच झाईर्झिन्योच्या गोलाने इंग्लंड हरले. पण सामन्यानंतर पेलेने मूरशी सदऱ्यांची अदलाबदल केली, तेव्हा दोघांच्याही मुद्रेवर परस्परांविषयीचा निखळ आदर होता.

याच धीम्या पद्धतीत धोकाही होता. १९७३ साली खोझुव येथे पोलंडच्या लुबान्स्कीने त्याच्या पायातून चेंडू हिसकावून गोल केला, आणि त्याच वर्षी १०८ सामन्यांची, त्यांपैकी ९० सामन्यांत कर्णधारपदाची, त्याची राष्ट्रीय कारकीर्द समाप्त झाली. पुढे फुलहॅमकडून १९७५चा एफ. ए. चषकाचा अंतिम सामना तो वेस्ट हॅमविरुद्धच खेळला व हरला. २४ फेब्रुवारी १९९३ रोजी, वयाच्या अवघ्या ५१व्या वर्षी, आतड्याच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले.

बचाव हे केवळ अंगबळाचे काम होय, ही समजूत मूरने आपल्या खेळाने कायमची खोटी ठरवली. बचावपटूने खेळाचा आरंभही करावा, हा त्याचा धडा पश्चिम जर्मनीच्या फ्रान्झ बेकेनबाउअरने कोठवर नेला, याचा विचार पुढील लेखांकात करू.