गाइड आधी की विषय? इतिहासात एमए, पीएचडी करताना हे नियम माहीत हवेत

अहिल्यानगर जिल्ह्यात इतिहासाची साधने भरपूर. पण मार्गदर्शकांच्या जागा मोजक्या. अशा वेळी नियम काय सांगतात?

अहिल्यानगर जिल्ह्यातील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. इथे इतिहासात एमए करणाऱ्या अनेकांना पुढे पीएचडी करायची असते. विषय मनात पक्का असतो, नेटची तयारीही सुरू असते. गाडी अडते ती गाइड मिळण्यापाशी.

जागा इतक्या कमी का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीनुसार एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. समजा, एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात एक सहयोगी आणि एक सहायक प्राध्यापक मान्यताप्राप्त मार्गदर्शक आहेत. तिथे एकूण जागा झाल्या १०. पण या जागा दरवर्षी भरायच्या नसतात. आधीच्या विद्यार्थ्याचे काम संपले, की त्याची जागा रिकामी होते.

शिवाय मार्गदर्शक कायमस्वरूपी सेवेत असावा लागतो. तासिका तत्त्वावरील प्राध्यापक कितीही अभ्यासू असले, तरी त्यांना गाइड होता येत नाही. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नवे विद्यार्थी दिले जात नाहीत. त्यामुळे रखडलेली प्राध्यापक भरती ही विद्यार्थ्याच्याही प्रवेशाची अडचण ठरते.

एमएला असतानाच काय करता येईल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्याने आखलेल्या दोन वर्षांच्या एमएच्या आराखड्यात पहिल्या सत्रात संशोधन पद्धती हा ४ क्रेडिटचा विषय आहे. संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ क्रेडिट आहेत. म्हणजे ८८ क्रेडिटच्या आराखड्यात १० क्रेडिट प्रकल्पाचे.

अनेक जण हा प्रकल्प शेवटच्या महिन्यात उरकतात. तिथेच संधी हुकते. एखाद्या प्राध्यापकासोबत वर्षभर काम केले, की त्यांची पद्धत आपल्याला कळते आणि आपली चिकाटी त्यांना. आता एमफिल बंद झाल्याने संशोधनाचा सराव करण्याची ही मुख्य जागा आहे.

विषय कसा निवडावा?

साधने कोणत्या भाषेत आहेत, हे आधी पाहावे. निजामशाही किंवा चांदबीबीवर काम करायचे, तर फारसीवाचून अडते. पेशवाईतील नगर किंवा अहिल्यादेवी होळकरांच्या चौंडीचा परिसर निवडला, तर मोडी वाचता यायला हवी. दायमाबादसाठी पुरातत्त्वाची जाण लागते. प्रवरा परिसरातील सहकाराचा अभ्यास करायचा, तर मराठी व इंग्रजी अहवाल आणि जुन्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती उपयोगी पडतात.

नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. पुण्यात पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर आणि १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. मोडीचे वर्ग एमएच्या पहिल्या वर्षीच लावले, तर पीएचडीतले महिने वाचतात.

प्रवेशाची पात्रता काय?

पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. मागासवर्गीय व दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यात ५ टक्के सवलत आहे. २०२४ पासून नेटच्या निकालात ‘फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र’ असा वेगळा गटही आहे.

प्रवेशानंतर गाइडने वेळच दिला नाही तर?

सगळे एका व्यक्तीवर सोडलेले नाही. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती असते. दर सत्रात तिच्यासमोर कामाचे सादरीकरण करावे लागते. प्रगती समाधानकारक नसेल, तर समितीने कारणे नोंदवून सुधारणा सुचवायच्या असतात. समितीचा अहवाल विद्यार्थ्यालाही मिळायला हवा. अनेक जण तो मागतच नाहीत. भेटीच्या तारखा आणि दिलेली प्रकरणे यांची नोंद ई-मेलवर ठेवावी. अडचण आली, तर बोलायला आधार राहतो.

किती वर्षे मिळतात?

किमान ३ आणि कमाल ६ वर्षे. पुनर्नोंदणी केल्यास आणखी २ वर्षे मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर २ वर्षांची सवलत आहे. महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. लग्नामुळे किंवा इतर कारणाने गाव बदलले, तरी अटींची पूर्तता करून संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेता येते. लग्नानंतर पीएचडी सुटलीच, असे समजणाऱ्या मुलींनी हा नियम जरूर वाचावा.

मग गाइड आधी की विषय?

दोन्हींचा शोध एकदमच घ्यावा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मार्गदर्शकांची आणि रिक्त जागांची माहिती पाहावी. ‘शोधगंगा’वर त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध मोफत वाचता येतात. मग दोन पानांचे टिपण घेऊन भेटावे. त्यात प्रश्न काय, साधने कुठे आणि ती वाचता येतात का, एवढे असले तरी पुरे. ‘सर, तुम्हीच विषय द्या’ म्हणणाऱ्यापेक्षा असे टिपण आणणाऱ्याशी प्राध्यापक नेमके बोलू शकतात.