आपल्याच संस्थेविषयी ज्ञानकोशात लिहिताना

नाशिक जिल्ह्यातील पेठसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे शिकलेल्या तरुणाला आश्रमशाळा, पंचायत समिती, तहसील कचेरी किंवा एखादी पतपेढी यांपैकीच कोठेतरी नोकरी मिळते आणि जेथे संगणक चांगला जाणणारा मनुष्य कचेरीत एखादाच असतो, तेथे मराठी विकिपीडियावर आपल्या संस्थेचे पान करण्याचे काम वरिष्ठांनी त्या एकाच मनुष्यावर सोपवावे, आणि त्यानेही ते हौसेने, रात्री जागून पार पाडावे, ह्यात वावगे असे कोणालाच काही दिसत नाही. पुढे चार दिवसांनी त्या पानावर जाहिरातवजा मजकुराचा शेरा बसतो, क्वचित पानच काढून टाकले जाते, आणि आपल्यावर अप्रामाणिकपणाचा आळ आला असे वाटून तो भला गृहस्थ पुन्हा त्या वाटेला जात नाही. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या ह्या मराठी ज्ञानकोशात लिहिणारे हात मुळातच थोडे. त्यांतला एकही हात केवळ गैरसमजापायी गळून पडावा, ह्याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिला आणि सर्वांत खोल रुजलेला गैरसमज हाच, की 'हितसंबंधांचा संघर्ष' म्हटले म्हणजे लबाडीचा आरोप झाला. वस्तुतः तो आरोप मनुष्याच्या चारित्र्यावर नसतो. तो मनुष्य कोणत्या जागी उभा आहे, एवढेच त्यात सांगितलेले असते. जमिनीच्या फेरफाराची रीत पेठमध्ये कोणाला ठाऊक नाही? खातेदार आपले कागद दाखल करतो, तलाठी नोंद धरून हितसंबंधितांना नोटिसा काढतो, हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत ठेवली जाते, आणि नोंद प्रमाणित करण्याचा अधिकार मंडळ अधिकाऱ्याकडे असतो. जमीन ज्याची, त्याला तिची माहिती सर्वांत अधिक असते हे सर्वमान्य असूनही, सातबाऱ्यावर त्याने स्वतःच्या हाताने ओळ लिहावी असे कोणी म्हणत नाही, आणि ती लिहू दिली नाही म्हणून त्याला कोणी खोटारडाही ठरवीत नाही.

'पण मी लिहिले ते अक्षरशः खरे आहे, मग पक्षपात कसला?' असा प्रश्न यावर हमखास येतो. त्याचे उत्तर शोधावयास लांब जाण्याचे कारण नाही, कारण पेठच्याच इतिहासात त्याचा दाखला आहे. १८५७ च्या अखेरीस पेठ-हरसूल मुलखात कोळ्यांचा उठाव झाला आणि पेठच्या राजघराण्यातील भगवंतरावांना इंग्रजांनी फासावर चढविले. त्यानंतर सुमारे पाव शतकाने, १८८३ साली, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक जिल्ह्यावरील सोळावा खंड जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादकत्वाखाली सरकारी छापखान्यातून बाहेर पडला. पर्जन्यमान, वाटा व घाट, जातीजमाती, पिके, जमाबंदी ह्यांचा असा साक्षेपी संग्रह आजही दुर्मिळच, आणि तो सिद्ध करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या परिश्रमांविषयी मला आदर वाटतो. तरीही त्या उठावाची हकीकत ज्या राजवटीने तो मोडला तिच्याच दफ्तरातून, तिच्याच पगारी नोकरांच्या लेखणीतून उतरली आहे, हे विसरून चालत नाही. म्हणून तिच्यातील स्थळे आणि तारखा खोट्या ठरतात असे मुळीच नाही; परंतु कोणत्या गोष्टीला आधी स्थान द्यावे, कोणत्या कृत्याला लूट म्हणावे आणि कोणत्या कृत्याला बंदोबस्त, कोणाची तक्रार विस्ताराने सांगावी आणि कोणाची एका वाक्यात आटोपावी, ही निवड ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या बाजूने, लिहिणाऱ्याच्या नकळतसुद्धा, झुकत असते. पक्षपात पुष्कळदा असत्यात नसतो. तो निवडीत आणि मौनात असतो. आश्रमशाळेतील शिक्षक आपल्या शाळेचा उत्तम निकाल लिहितो आणि त्याच वर्षी वर्तमानपत्रांत छापून आलेली वसतिगृहाविषयीची तक्रार वगळतो, तेव्हा त्याचे एकही वाक्य खोटे नसते.

ह्या ओढीतून खुद्द विकिपीडियाचे संस्थापकही सुटले नाहीत. जिमी वेल्स यांनी २००५ साली स्वतःच्या चरित्रपानावर, लॅरी सँगर यांचे सहसंस्थापकपण ज्यांतून दिसत होते असे उल्लेख काढून टाकले, आणि ते उजेडात आल्यावर आपण तसे करावयास नको होते अशी जाहीर कबुली दिली.

पानासाठी वेगळा मोबदला घेतला नाही, सबब संबंध जाहीर करण्याचा नियम लागू नाही, ही समजूतही टिकणारी नाही. विकिमीडिया प्रतिष्ठानने जून २०१४ मध्ये आपल्या वापर-अटींत जी दुरुस्ती केली, तिच्या अन्वये मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने आपला नियोक्ता, आपला ग्राहक आणि आपला संबंध जाहीर करणे बंधनकारक आहे. नोकरीचा भाग म्हणून लिहिणाऱ्याचा मासिक पगार हाच त्याचा मोबदला होय. ह्या अटी मराठीसह सर्व भाषांतील विकिपीडियांना लागू आहेत. संस्थेचे विश्वस्त, देणगीदार, संचालकांचे आप्त ह्यांना पगार नसला तरी हितसंबंध असतोच, आणि त्यांनीही तो उघड करणे उचित.

नाव लपविले की काम भागते, असे मानणाऱ्यांनी एका भारतीय प्रकरणाकडे पाहावे. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट ह्या व्यवस्थापनशिक्षण-संस्थेविषयीचा इंग्रजी विकिपीडियावरील लेख 'वायफायवन' हे टोपणनाव घेतलेला एक सदस्य वर्षानुवर्षे संस्थेला अनुकूल असा वळवीत राहिला. तो साधा सदस्य नव्हता, प्रचालकपदापर्यंत पोहोचलेला होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये तेथील लवाद समितीने त्याच्यावर बंदी घातली. हा निर्णय देण्यासाठी समितीला कोणाची पगारपत्रके तपासावी लागली नाहीत. प्रत्येक पानाच्या 'इतिहास' ह्या दालनात कोणत्या खात्याने, कोणत्या दिवशी, कोणता शब्द घातला आणि कोणता काढला हे जसेच्या तसे जतन केलेले असते, आणि इतर सदस्यांनी त्या नोंदी ओळीने मांडल्यावर एकच दिशा स्पष्ट दिसली.

मग नोकरदाराने आपल्या संस्थेविषयी तोंडच उघडू नये काय? हा निष्कर्षही तितकाच चुकीचा आहे, आणि माझ्या मते अधिक नुकसानकारक. कारण चूक कोठे आहे हे सर्वांत आधी आतल्या माणसालाच दिसते. इंग्रजी विकिपीडियाचे मार्गदर्शक तत्त्व अशा मनुष्याला लेखात थेट हात घालण्यापासून जोरदारपणे परावृत्त करते, पण लेखाच्या चर्चा पानावर येऊन बोलण्याचे आमंत्रणही देते. उघड नासधूस परतविणे, शुद्धलेखन सुधारणे, हयात व्यक्तीविषयीचा निराधार बदनामीकारक मजकूर काढणे ह्यांस हरकत नाही. बाकीच्यासाठी विनंती करावी, आणि ती अशी: 'मी ह्या शाळेत नोकरीस आहे. लेखात स्थापनेचे वर्ष चुकले आहे. अमुक वर्तमानपत्राच्या अमुक तारखेच्या अंकात योग्य वर्ष छापले आहे. कृपया कोणी तपासून बदल करावा.' पहिल्या वाक्यात संबंध, दुसऱ्यात चूक, तिसऱ्यात पुरावा आणि चौथ्यात निर्णय दुसऱ्याच्या हाती. ह्याउलट 'आमच्या नामवंत शाळेचा गौरवशाली इतिहास कृपया सविस्तर द्यावा' ह्या विनंतीचे कोणी काही करू शकत नाही, कारण तिच्यात तपासण्याजोगे काहीच नसते. पुरावा म्हणून संस्थेशी संबंध नसलेल्यांनी प्रसिद्ध केलेले लिखाण लागते. शाळेच्या कपाटातील मस्टर कितीही अस्सल असले तरी वाचकाला ते पाहता येत नाही. मराठी विकिपीडियावर उत्तर येण्यास विलंब लागू शकतो. तशा वेळी 'चावडी' ह्या तेथील सामायिक चर्चेच्या पानावर स्मरण द्यावे, पण कंटाळून दुसरे खाते उघडू नये.

संस्थेच्या संकेतस्थळावरील मजकूर आपलाच आहे म्हणून तो उचलून ठेवणे, हेही अडचणीचे असते. त्याचा स्वामित्वहक्क संस्थेचा असतो, तो मुक्त परवान्याने दिल्याशिवाय विकिपीडियावर राहू शकत नाही. आणि रीतसर दिला तरी त्यातील स्तुतिपर भाषा तशीच उरते.

शेवटी, पैसे मोजून पान 'करून देणाऱ्यां'विषयी. ऑगस्ट २०१५ च्या अखेरीस इंग्रजी विकिपीडियाने परस्परांशी जोडलेली ३८१ खाती एकदम बंद केली. त्यांमागची मंडळी लहान व्यावसायिकांना गाठून पान तयार करण्यासाठी, आणि पुढे ते सुरक्षित राखण्यासाठीही, पैसे मागत. सुरक्षित राखण्याचा हा अधिकार कोणाही एकाच्या हाती नसतो, तेव्हा तो विकताही येत नाही. नाशिकच्या हॉटेलवाल्याकडे किंवा पेठच्या सोसायटीकडे असा कोणी आलाच, तर त्याचे सदस्यखाते कोणते आणि त्या खात्याच्या सदस्य पानावर ग्राहकांची नावे जाहीर केलेली आहेत काय, हे दोन प्रश्न व्यवहारापूर्वी विचारावेत. नियमाने चालणारा मनुष्य दोन्हींची उत्तरे तेथल्या तेथे उघडून दाखवितो.