अन्वय लावणारें उसनें इंद्रिय

संगणकाच्या आज्ञा लिहावयाच्या साधनास ‘एडिटर’ म्हणतात. ‘ईमॅक्स’ हा त्यांतील वडीलधारा, १९७६ सालचा. ‘अ‍ॅटम’ २०१४ चा. दोहोंची मूळ संहिता सर्वांस खुली.

ईमॅक्स मजकुरास रंग देई तो मुख्यतः अक्षरांच्या ठेवणीवरून अंदाज बांधून. एकच नांव कोठें क्रिया आणि कोठें पदार्थ, हें त्यास नेमकें उमजत नसे. अ‍ॅटमच्या घरीं वाढलेलें ‘ट्री-सिटर’ मात्र, श्लोकाचा अन्वय लावावा तसा, ओळींचा अन्वय लावून रचनेचा वृक्ष उभारतें. आणि एखादें अक्षर पालटलें तर सारा वृक्ष न पाडतां बाधित फांदीच नव्यानें जोडतें. खरी करामत ही!

हें इंद्रिय ईमॅक्सला जडलें कसें? अ‍ॅटमची संहिता उतरवून नव्हे. ती जावास्क्रिप्टच्या वळणाची, येथें रुजली नसती. ट्री-सिटर ‘सी’ भाषेंत, स्वतंत्र संच म्हणून रचलेलें, परवानाही उदार. म्हणून सांधा बसला. १५ डिसेंबर २०२२ रोजीं अ‍ॅटम बंद झाला, आणि ज्यांचे हात त्यावर बसले होते ते पोरके झाले. ट्री-सिटरचा आधार असलेली ईमॅक्सची २९ वी आवृत्ति जुलै २०२३ मध्यें निघाली. मात्र प्रत्येक भाषेचें व्याकरण निराळें आणून बसवावें लागतें. नवशिके अडतात ते येथेंच.