पुणेकरांचा विलायती क्लब आणि येता हंगाम

आमच्या माळेगांव बुद्रुकांत ‘हंगाम’ म्हटला कीं साखर कारखान्याचें धुराडें आणि उसाच्या गाड्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु मध्यंतरीं मँचेस्टरहून माझ्या पुतण्याचा फोन आला, त्यांतला हंगाम निराळा होता. “काका, ब्लॅकबर्नच्या येत्या हंगामाचीं तिकिटें काढूं कीं नको? पोरगा हट्ट धरून बसला आहे. पण इथले लोक म्हणतात, मालकांच्या पदरांत पैसा घालूं नका.” आणि मालक कोण, तर आपल्या पुण्याचे! उभा जन्म शब्दरूपें पाठ करून घेणाऱ्या मास्तरास चेंडूविषयीं सल्ला विचारावा ही मौजच. तरीपण मुलाचा हट्ट पाहून मीं चार दिवस वाचन केलें. तें वाचकांपुढें ठेवितों.

ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉलचा क्लब १८७५ सालीं लँकशायर परगण्यांत निघाला. मुलूख कापडगिरण्यांचा, जवळच्याच डार्वेन गांवीं १९३१ मध्यें गांधीजी बेकार गिरणीकामगारांस भेटून आले होते. १८८८ सालीं इंग्लंडांत फुटबॉलची लीग स्थापन झाली, तिच्या बारा मूळ क्लबांपैकीं हा एक. त्याच्या लॅटिन ब्रीदाचें मी ‘नैपुण्येन श्रमेण च’ असें भाषांतर करीन. जॅक वॉकर नांवाच्या पोलादाच्या व्यापाऱ्यानें, म्हणजे गांवच्याच माणसानें, आपली संपत्ति ओतली आणि १९९५ मध्यें हा लहानशा गांवचा क्लब साऱ्या इंग्लंडांत पहिला आला.

वॉकर २००० सालीं वारले. पुढें नोव्हेंबर २०१० मध्यें पुण्याच्या व्यंकीज मंडळीनें सुमारें २ कोटी ३० लाख पौंडांस क्लब विकत घेतला. डॉ. बी. व्ही. राव यांनीं १९७१ सालीं उभारलेला हा कुक्कुटपालनाचा उद्योग. आमच्या घरीं अंडें शिजत नाहीं, तरी तें वृत्त वाचतांना ऊर भरून आला होता हें खोटें कशाला सांगूं? ज्यांच्या कापडानें आमचे माग बसविले, त्यांचा क्लब आतां पुण्याच्या माणसाचा!

तो आनंद टिकला नाहीं. नवे मालक येऊन महिना उलटतो न उलटतो तोंच अनुभवी प्रशिक्षक सॅम अॅलरडाइस यांस निरोप मिळाला. मे २०१२ मध्यें क्लब पहिल्या श्रेणींतून खालीं घसरला. ज्या सामन्यांत तें निश्चित झालें, त्यांत कोणा प्रेक्षकानें क्लबचें निशाण गुंडाळून एक जिवंत कोंबडी मैदानांत सोडून दिली. बिचाऱ्या कोंबडीचा यांत काय अपराध? २०१७ सालीं क्लब आणखी एक पायरी उतरला. पुढच्या वर्षीं मात्र ती परत चढला.

मालकांवर अन्याय होऊं नये म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं दरसालचा तोटा त्यांनींच पदरमोड करून भरून काढला. वॉकरांप्रमाणें यांनींहि पैसा ओतला. मग फरक कोठें पडला? माझ्या मतें बेण्यांत. आमच्याकडे उत्तम ऊस गाळावयाचा कीं बेण्यास राखावयाचा, हें कुणब्याच्या पोरासहि कळतें. २०२३-२४ च्या हंगामांत सॅमी झ्मोडिक्स यानें लीगमध्यें २७ गोल केले. तरीसुद्धां क्लब शेवटच्या दिवशीं लेस्टरला हरवून कसाबसा आपल्या श्रेणींत तगला. अॅडम व्हार्टन हा गांवांतच जन्मलेला व क्लबच्याच शाळेंत घडलेला मुलगा त्याच हंगामाच्या मध्यास विकला गेला, आणि हंगाम संपल्यावर झ्मोडिक्सहि गेला. बेणें विकल्यावर लागवड कशाची करणार?

वर चढण्याची संधि आलीच नाहीं असें नव्हे. त्या श्रेणींत पहिले दोघे थेट वर जात आणि पुढच्या चौघांत एका जागेसाठीं झुंज होई. २०२२-२३ मध्यें ब्लॅकबर्नचे गुण सहाव्याइतकेच झाले, पण गोलांच्या हिशेबांत तो सातवा ठरला. २०२४-२५ मध्यें पुन्हा सातवाच, अवघ्या दोन गुणांनीं. याच हंगामांत, फेब्रुवारींत, क्लब वरच्या झुंजीच्या जागांसाठीं खेळत असतांना प्रशिक्षक जॉन यूस्टेस यांनीं तो सोडला आणि तळाशीं धडपडणाऱ्या डर्बीकडे गेले. चढती नाव सोडून नावाडी बुडत्या नावेंत कां बसतो, याचा विचार पुण्यांतल्या बैठकींत कोणी केला असेल काय?

जर्मनींत हा विचार सभासद करतात. तेथें १९९८ पासून असा दंडक आहे कीं क्लबची कंपनी झाली तरी निम्म्याहून एक मत अधिक सभासदांच्या संस्थेकडेच राहिलें पाहिजे. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबर्ग असे अपवाद थोडे. म्यूनिकच्या बायर्न क्लबचे तीन-चतुर्थांश भाग सभासदांच्या संस्थेकडे आहेत, आणि सभासद तीन लाखांहून अधिक. आम्हां माळेगांवकरांस हें नवें नाहीं. आमच्या सहकारी कारखान्याच्या वार्षिक सभेंत धोतर सांवरीत उठलेला म्हातारा सभासद चेअरमनास उसाचा भाव विचारतो, आणि सभा तापली तर उत्तर मिळेपर्यंत खालीं बसत नाहीं. ब्लॅकबर्नच्या प्रेक्षकास अशी सभाच नाहीं. म्हणून तो कोंबडी सोडतो, अगर तिकीट काढीत नाहीं आणि एकतीस हजारांच्या मैदानांत रिकामीं आसनें दिसतात.

येत्या हंगामाविषयीं माझा अंदाज असा कीं वर चढण्याची आशा धरूं नये. उन्हाळ्यांत कोण विकला जातो यावर लक्ष ठेवावें. घरचा एखादा पोरगा संघांत टिकला, तर पुढच्या एक-दोन वर्षांचें कांहीं बोलतां येईल. पुतण्यास मीं कळविलें आहे कीं मुलाचें तिकीट काढावें. त्याच्या वयाला मालक दिसत नाहीं, चेंडू दिसतो. स्वतःचें मात्र ऑगस्ट संपेपर्यंत काढूं नये.