ट्रॅक्टरमागची ट्रॉली
(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी लेख द्यायचा म्हणून मी प्रथम निसर्गवर्णन लिहावयास घेतले होते. दोन पाने झाल्यावर ध्यानात आले की, त्यातले एकही वाक्य माझे नव्हते. तेव्हा लहानपणापासून जे डोळ्यांसमोर आहे त्यावरच लिहावे असे ठरवले. कलाशाखेच्या मुलीने उसाच्या ट्रॉलीवर लिहावे याचे काहींना हसू येईल. पण माझे वडील गेली पंधरा वर्षे दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत; आई कुंभारीत विड्या वळते. या दोघांच्या कमाईवर आमच्या घरातले पहिले माणूस म्हणून मी कॉलेजची पायरी चढले. त्यामुळे हा विषय मला परका नाही.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की, फेब्रुवारी-मार्चपर्यंत रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या दिसू लागतात. आपण त्यांच्या मागे अडकतो, चिडतो, हॉर्न वाजवतो आणि पुढे जातो. परंतु ते वजन कसे ओढले जाते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते कसे थांबवले जाते, याचा विचार फारसा कोणी करत नाही.

प्रथम वजनाचा हिशेब पाहू. ट्रॅक्टर स्वतः दोन ते अडीच टनांचा असतो. दोन भरलेल्या ट्रॉल्यांत वीस टनांच्या आसपास ऊस असतो. म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा ओढले जाणारे आठपट जड! सपाट रस्त्यावर हे जमते, कारण ओझे चाकांवर आहे. भाजीची भरलेली हातगाडी एकदा चालू लागली की, पोरगेही ती ढकलते. पण उतारावर तीच गाडी धरायला दोन माणसे लागतात. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, आणि ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा फक्त मागच्या दोन चाकांना असतात. सारा भार त्या दोन चाकांनी थांबवायचा असतो. वडील नेहमी म्हणतात, "ट्रॅक्टर किती वडतोय ते बघू नगं पोरी, कुठं थांबतोय ते बघ."

येथे वेगाचा नियम कळला पाहिजे. वेग दुप्पट केला तर थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होते. ताशी १५ किलोमीटरवरून ३० वर गेलेल्या ड्रायव्हरला वाटते की, आपण थोडेसेच पळवले. ब्रेक लावताना मात्र त्याची किंमत कळते. त्यातही वळणावर जोराने ब्रेक दाबला तर मागची ट्रॉली पुढे रेटते, ट्रॅक्टरचा पार्श्वभाग बाजूला ढकलला जातो आणि दोन्ही वाहने अडकित्त्यासारखी मिटतात. मधल्या माणसाची सुपारी होते. म्हणून वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करावा.

ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, हे शेताबाहेरच्या लोकांना ठाऊक नसते. शेतात एकाच चाकाचा ब्रेक दाबून जागच्या जागी वळता येते. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडले पट्टीने एकत्र अडकवलीच पाहिजेत. नाहीतर घाईत एकच पेडल दाबले जाते आणि ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो. उतारावर तर गाडी न्यूट्रल करणे म्हणजे डिझेल वाचवून जीव घालवणे होय. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. मग इंजिनच गाडीला धरून ठेवते. अर्ध्या उतारावर क्लच दाबून गिअर शोधणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

चढावर उलटा धोका असतो. ओढ जास्त झाली की, ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात, प्रसंगी उचलली जातात. चाके जमिनीला टेकलेली नसतील तर स्टिअरिंग फिरवून काय उपयोग? ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरला जितकी उंचावर जोडावी तितका हा धोका वाढतो, कारण ओढ वरून बसली की ती ट्रॅक्टरला मागे उलथवू पाहते. म्हणून दांडी मागच्या आसाच्या खाली असलेल्या हूकलाच जोडावी आणि पुढे लोखंडी वजने लावावीत. वजन म्हणून बंपरवर माणसे बसवणे हा शुद्ध अविचार आहे.

ऊस कसा भरला यालाही महत्त्व आहे. दोन चाकांच्या ट्रॉलीत भार आसाच्या मागे गेला तर दांडी वर उचलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि ट्रॉली शेपटीसारखी डोलू लागते. फार पुढे आला तर ट्रॅक्टर मागे बसतो. भार आसाच्या किंचित पुढे असावा. परदेशात लोक मोटारीमागे मोठ्या बोटी जोडून तलावावर नेतात. अमेरिकेत त्यांनाही हेच शिकवले जाते की, एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा हूकवर यावा. बोट असो की ऊस, नियम एकच!

जोडणीची पिन खरी, जाड आणि खालून लॉक लावलेली हवी. तिच्या जागी सळईचा तुकडा घालू नये. जोडीला साखळी असावी, म्हणजे पिन तुटली तरी ट्रॉली मोकळी धावणार नाही. जोडताना ट्रॅक्टर मागे घेत असता मध्ये कोणी उभे राहू नये. लहानपणी मी वडिलांबरोबर मडगार्डवर बसून कारखान्यापर्यंत जात असे. मला त्याची मौज वाटे; आज ते आठवले की अंगावर काटा येतो. ती जागा बसण्याची नव्हे.

आता जे सांगायचे ते थोडे जड आहे. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत माझे काका रात्री कामावरून मोटारसायकलने घरी येत होते. रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही, चार दगडही मांडलेले नाहीत. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात ती काकांना दिसलीच नाही. काका वाचले, उजवा पाय गुडघ्याखाली गेला. ती ट्रॉली वडिलांची नव्हती. पण त्या रात्री दवाखान्याच्या पायरीवर बसून वडील म्हणाले, "माझी असती तरी तिला कुठं दिवा हुता?" वडिलांना रडताना मी तेव्हा प्रथम पाहिले.

मग हे सारे माहीत असून पाळले का जात नाही? वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. ट्रॉली जितकी उंच भरेल तितकी खेप परवडते. मालकाला ट्रॅक्टरचा हप्ता असतो, ड्रायव्हरला खेपेवर पैसे आणि टोळीला उचल फेडायची असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने नोंदणीपुस्तकातल्या मर्यादेपेक्षा जास्त वजन नेणे गुन्हा ठरवले आहे. पण कायदा आणि पोट यांच्यामध्ये ड्रायव्हर एकटा सापडतो. एकट्या ड्रायव्हरला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये, असे मला वाटते. त्याचबरोबर रेडियमच्या पट्टीला टनभर ऊस कमी करावा लागत नाही, हेही खरे आहे.

यंदा हंगामाच्या आधी मी आणि वडिलांनी दोन्ही ट्रॉल्यांना मागे आणि बाजूंना लाल-पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. पैसे माझ्या शिष्यवृत्तीतले होते. काका कुबडी टेकून शेजारी उभे राहिले आणि कुठे पट्टी वाकडी झाली ते सांगत होते. ट्रॉली उंच भरणे मात्र थांबलेले नाही. तेवढे आमच्या हाती नाही.

शेवटी, मोटारसायकलवरून कॉलेजला येणाऱ्या मित्रांना विनंती. वळताना ट्रॉलीची चाके ट्रॅक्टरच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. दुसरी ट्रॉली तर आणखीच आत येते. म्हणून वळणावर आतल्या बाजूने कधीही पुढे घुसू नका. मोठ्याने लावलेल्या गाण्यांमुळे ड्रायव्हरला तुमचा हॉर्न ऐकू येतोच असे नाही. दोन मिनिटे मागे राहा. पहिला तास बुडाला तरी सर हजेरी लावतील, नाही लावली तरी चालेल. पुढच्या ट्रॅक्टरवर बसलेला माणूस कदाचित माझे वडील असतील, आणि तुम्ही सुखरूप कॉलेजात पोहोचावे असे त्यांनाही मनापासून वाटते.