नागसेनाचा रथ आणि कुर्ल्याची फियाट

आज मोटारींवर बोलणार म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा मोटारीशी काय संबंध? पण हा संबंध जुना आहे, दोन हजार वर्षांच्या आसपासचा. कसा, ते पुढे येईलच.

युरोपात जुन्या इटालियन मोटारींचे मेळावे भरतात. एखाद्या मोटार संग्रहालयाच्या आवारात फियाट, लॅन्शिया, आल्फा रोमिओ ओळीनं उभ्या केलेल्या असतात. मालक बॉनेट उघडून बाजूला उभे, लोक वाकून वाकून बघताहेत. अशा मेळाव्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो: 'ही ओरिजिनल आहे का?' म्हणजे इंजिनाचा आणि चॅसीचा नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळतो का? रंग त्या साली निघालेलाच आहे का? जुळलं तर मान आणि किंमत, दोन्ही वाढतात. प्रश्न साधा वाटतो. मला मात्र तो फार अवघड वाटतो. का, ते आपल्याकडच्या इटालियन मोटारीवरून सांगतो.

ही मोटार म्हणजे फियाट 1100. फियाट ही 1899 साली तुरिन शहरात निघालेली कंपनी. आणि सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला. 1950च्या दशकात तिथून फियाट बाहेर पडू लागल्या. त्यातल्या सुरुवातीच्या एका गोल, बुटक्या मॉडेलला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' असं नाव दिलं. बारसं करण्यात आपला हात कोण धरणार! पुढे 1974 साली याच घराण्यातल्या गाडीला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं. बॉनेटखाली तेच 1089 सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टेअरिंगजवळच. गंमत बघा, इटलीत 1100 बनवणं 1960च्या दशकाच्या अखेरीस बंद झालं. कुर्ल्यात तिची भावंडं आणखी तीसेक वर्षं जन्माला येत राहिली. मग ओरिजिनल कुणाची, तुरिनची की कुर्ल्याची?

आता मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी डोळ्यासमोर आणा. वीस वर्षं रोज रस्त्यावर. इंजिन बोअर करून रिंगा बदलल्या. पाटे बदलले. क्लच प्लेट किती वेळा बदलली याची मोजदाद नाही. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, लांबी भरली, रंग मारला. डिकीत सीएनजीची टाकी आली. कंपनीचा पार्ट मिळेना तेव्हा मिस्त्रीनं लेथवर करून घेतला. शेवटी मूळचं काय उरलं? तरी टॅक्सीवाला म्हणतो, 'ही माझी तीच गाडी.' तो खोटं बोलतोय का?

इथे नागसेन येतो. आपल्या मराठवाड्याला हे नाव परकं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, उभ्या केलेल्या महाविद्यालयाचं नाव मिलिंद आणि परिसराचं नाव नागसेनवन. मिलिंद हा यवन राजा मिनँडर, नागसेन हा बौद्ध भिक्षू. दोघांचा संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. नागसेन राजाला विचारतो, तू पायी आलास की रथातून? राजा म्हणतो, रथातून. मग आख म्हणजे रथ का? नाही. चाकं म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? नाही. हे सगळे भाग सोडून वेगळा रथ आहे का? तोही नाही. 'रथ' हे या भागांच्या आधारानं, व्यवहारासाठी दिलेलं नाव आहे.

ग्रीकांकडे हाच प्रश्न थिसियसच्या जहाजाच्या रूपानं आला. कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले. सगळ्या बदलल्यावर जहाज तेच का? सतराव्या शतकात थॉमस हॉब्जनं त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून दुसरं जहाज बांधलं तर? आता खरं जहाज कोणतं? मेळाव्यातला तज्ज्ञ जुन्या फळ्यांकडे बोट दाखवतो. टॅक्सीवाला चालत्या जहाजाकडे.

मी टॅक्सीवाल्याच्या बाजूनं आहे, पण एक अट घालून. सगळ्याच वस्तूंना हा न्याय लागत नाही. आपल्या अंबाजोगाईची दासोपंतांची पासोडी घ्या. पंतांनी त्या लांबलचक कापडावर स्वतः मजकूर लिहिला. जीर्ण भाग कापून तिथे नवं कापड लावलं आणि कुणी सुरेख अक्षरात तोच मजकूर लिहिला, तर मजकूर राहील, पासोडी जाईल. कारण तिचं मोल त्या हाताच्या खुणेत आहे. अशी वस्तू न हलवता, काचेआड जपावी. मोटारीचं मोल तिच्या चालण्यात आहे. चालायचं म्हणजे झिजायचं, आणि झिजायचं म्हणजे बदलायचं. तिचं तेपण भागांत शोधलं तर सापडणार नाही. ते अखंड चाललेल्या वापरात आणि दुरुस्तीत आहे.

हे काही माझ्या एकट्याचं मत नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानं 2012 साली एक सनद मंजूर केली. तिला नाव आहे फियाटच्याच गावाचं, 'तुरिन सनद'. जुनी वाहनं समजायची तर ती रस्त्यावर चालती राहिली पाहिजेत, असं ती मानते. आणि त्यासाठी ती बनवण्याचं, चालवण्याचं, दुरुस्त करण्याचं ज्ञानही जपलं पाहिजे.

आता मुद्द्यावर येतो. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली 29 ऑक्टोबर 2003 रोजी. म्हणजे 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत अधिकृत पद्मिनी टॅक्सी नाही. लोक हळहळले, एक तरी संग्रहालयात ठेवा म्हणाले. मी गळा काढणार नाही. ती गाडी उन्हाळ्यात तापायची, धूर सोडायची. चालकाला नवी, थंडगार गाडी मिळाली तर त्यात वाईट काय? शहराच्या हवेचाही विचार करायलाच हवा.

पण एक गाडी धुऊनपुसून काचेआड ठेवली की पद्मिनी जपली, असं समजू नका. नागसेन विचारेल, पत्रा म्हणजे पद्मिनी का? कार्बोरेटर म्हणजे पद्मिनी का? इतकी वर्षं तिला चालतं ठेवलं ते इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या कानानं. तो कान गॅरेजातल्या मिस्त्रीचा. बीड, परळी, माजलगावच्या जुन्या गॅरेजांत असे कान अजून आहेत, केस पांढरे झालेले. त्यांच्या हाताखाली शिकायला पोरं येत नाहीत. नव्या गाडीला लॅपटॉप जोडला की दोष पडद्यावर दिसतो. ही विद्या कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही. हातातून हातात गेली नाही तर ती माणसाबरोबर संपते.

म्हणून आपल्याकडे कधी पद्मिनीचा मेळावा भरला, तर पहिल्या रांगेची खुर्ची मिस्त्रीला द्या. इंजिन उघडून त्याला बोलतं करा, ते चित्रित करून ठेवा, आणि एखादं पोरगं शेजारी पाना घेऊन बसवा. नंबर जुळतात का, ते मग सावकाश बघू.